भिंतीपलीकडचा पत्ता

मला एका जागी बसवत नाही. धुळ्यात मी गॅस एजन्सीच्या ऑफिसात काम करते, तिथंही अर्ध्या-अर्ध्या तासानं उठून पाण्याच्या फिल्टरपर्यंत जाऊन येते, तहान नसताना. मॅडम विचारतात, तुझ्या खुर्चीला काटे आहेत का? माझं काम नव्या कनेक्शनचे कागद तपासायचं. अर्जावरचा पत्ता आधारवरच्या पत्त्याशी जुळला तर अर्ज पुढं, नाही तर परत. दिवसातून सात-आठ जणांना मी सांगते, "पत्ता जुळत नाही, दुरुस्त करून आणा." सांगताना माझा आवाज उगाचच चढतो. लोकांना वाटतं, बाई खडूस आहे. आहेच. पण राग त्यांच्यावरचा नसतो, हे त्यांना कसं सांगणार?

मी जळगावची. जळगावात कुठली असं विचारलं की मी एका कॉलनीचं नाव सांगायची. त्या कॉलनीच्या मागच्या बाजूला एक भिंत आहे, भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड आहे आणि भगदाडापलीकडे नाल्याच्या कडेनं आमची गल्ली. पत्र्याची घरं, काही अर्धी विटांची. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोरानं किंवा पोरीनं कधी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आणली नाही. रिक्षा सोडायची कॉलनीतल्या दत्ताच्या देवळापाशी. रिक्षावाला वळून दिसेनासा होईपर्यंत चपलेचा पट्टा नीट करत उभं राहायचं, मग भगदाडातून आत. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या पुढच्यांना करताना मी पाहिलं आणि माझं पाहून माझ्यामागची पोरं करायला लागली.

कारण सरळ होतं. कॉलनीत कोणाची सायकल गेली की संध्याकाळी पोलिसांची गाडी आमच्याकडे. मोबाईलवरून काही मागवलं की पार्सलवाला भिंतीपर्यंत येऊन फोन करणार, "पुढं येत नाही, तुम्हीच या." गंमत म्हणजे त्यातला एक पार्सलवाला आमच्याच गल्लीतला होता. तोही भिंतीपाशीच थांबायचा. कंपनीचा नियम आहे म्हणायचा आणि पार्सल देऊन झालं की त्याच भगदाडातून घरी जेवायला यायचा.

माझे वडील डाळ मिलमध्ये हमाली करायचे. मी दहावीत असताना ते गेले. मग घर आईच्या शिलाई मशीनवर चाललं. जळगावात प्लॅस्टिकच्या चटया बनतात, त्या चटयांच्या कडांना कापडी पट्टी शिवायचं काम आई घरी आणायची. मशीन दारातच, उजेडासाठी. आम्ही दोघी त्या चटयांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत जेवायचो, झोपायचो, भांडायचो. भांडण बहुतेक माझ्याच बाजूनं असायचं. आई ओठात दोरा धरून ऐकून घ्यायची, म्हणून मला अजून राग यायचा.

बारावीनंतर मी एका मोठ्या मोबाईलच्या दुकानात मुलाखतीला गेले. मालकानं दहा प्रश्न विचारले, मी दहाची उत्तरं दिली. त्यानं चहा मागवला. मग माझा अर्ज हातात घेऊन पत्ता वाचला. परत वाचला. आणि म्हणाला, "ठीक आहे, कळवतो." चहा आला तेव्हा मी बाहेर पडले होते. कळवणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी आईवर ओरडले, जसं काही ही जागा तिनंच हौसेनं निवडली होती.

कॉलनीत दत्ताच्या देवळामागे एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. मला त्यांनी ओट्यावर बसवून फुकट गणित शिकवलं होतं. मी तशीच तणतणत त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माझा पत्ता लिही. माझ्या घराला पत्रपेटी आहे, टपाल आलं की मी हाक मारीन." त्यांनी पत्र लिहून दिलं, की ही मुलगी आणि तिची आई माझ्या घरी राहतात. त्या पत्रावर नगरसेवकाचा शिक्का मिळवला आणि माझं आधार कॉलनीचं झालं. महिन्याभरात मला एका कुरिअरच्या ऑफिसात नोकरी लागली. शिक्षण तेच, तोंड तेच, फक्त दोन ओळी वेगळ्या.

मग मी थांबलेच नाही. शेजारच्या अक्काचा मुलगा, त्याचा मित्र, कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी, सगळ्यांचे अर्ज मी भरले. कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे पळत होतं, कोणी एमआयडीसीत पाळीवर जात होतं, कोणाला मॉलमध्ये लागायचं होतं. सगळ्यांना एकच पत्ता. नानांनी एकालाही नाही म्हटलं नाही. मोठ्यांचे कागदही मीच बदलले, अक्काचेही, कारण मुलाचा पत्ता एक आणि आईचा दुसरा असं असलं की पुढं अडचण येते, असं मला वाटायचं. कागद कसे स्वच्छ, एकसारखे हवेत. आईचं आधार, मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड, सगळं मी भिंतीपलीकडे नेलं. आई अंगठा उमटवताना म्हणाली, "आठे तीस वरीस व्हयी ग्यात. मी कोठे ऱ्हास, हाई आते कागद सांगी का?" मी म्हटलं, "हो, इथं तीस वर्षं झाली तरी कागदच सांगणार. तू उमटव."

आम्ही राहत होतो तिथंच होतो. तोच नळ, तोच नाला, चार घरांत एक मीटर. पाण्याच्या दिवशी एकाच पाइपनं सगळी गल्ली भरायची, ज्याचं भरलं त्यानं पाइप पुढच्या दारात टाकायचा, त्यात कधी तंटा झाला नाही. कागदावर मात्र गल्ली रिकामी होत होती. एकदा गल्लीच्या तोंडाचा नळ तुटला, पाणी नाल्यात जाऊ लागलं. आम्ही नगरसेवकाच्या माणसाला गाठलं. त्यानं मोबाईलवर मतदार यादी चाळली आणि हसत म्हणाला, "इथं आता मतं कुठं आहेत तुमची? सगळी कॉलनीच्या बूथवर गेली." नळ कितीतरी दिवस तसाच वाहत राहिला. शेवटी पोरांनीच सायकलची ट्यूब कापून बांधला. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी खटकायला हवं होतं. मी तेव्हा त्याच्याशी भांडण्यात गुंतले होते.

दुसरी चूक दाराची. मी लहान असताना पालिकेची माणसं येऊन घरं मोजून गेली होती आणि प्रत्येक दारावर डांबरानं एक आकडा टाकला होता. आमच्या दारावरचा तो काळा आकडा मला कायम जनावरावरच्या डागासारखा वाटायचा. कुरिअरच्या पहिल्या पगारातून दिवाळीला मी निळा ऑइलपेंट आणला. आई म्हणाली, "तो नंबर ऱ्हाऊ दे वं." मी म्हटलं, "कशाला? कैदी आहोत का आपण?" डांबर पहिल्या हातातून वर आलं. मी दुसरा हात मारला. तिसराही मारला. दार मस्त दिसायला लागलं. गल्लीत निळं दार फक्त आमचं.

दोन वर्षांनी धुळ्याची नोकरी लागली. खोली भाड्यानं घेतली. मालकीणबाईंना मी कॉलनीचंच नाव सांगितलं, त्यांच्या कोणा नातेवाइकाचं घरही तिथंच निघालं आणि त्या खूश झाल्या. एकदा आई काठ शिवलेली एक नवी चटई घेऊन मला भेटायला आली. मालकीणबाई दारातच म्हणाल्या, "या या, कॉलनीतलं पाणी कसं आहे हो आता?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. आई म्हणाली, "चांगलं शे." त्यानंतर ती धुळ्याला आली नाही. मी बोलावलं की चटयांचं काम आहे म्हणायची. मला कळत होतं. कळत असूनही मी फार आग्रह केला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आईचा फोन आला. "उद्या मोजणारा ई राहिनात. जागा नाववर व्हयी म्हणतस. बठ्ठा कागद लई ये." गल्लीतली घरं राहणाऱ्यांच्या नावावर करायची होती, त्यासाठी दारोदार पाहणी होती. ज्याची नोंद होणार नाही, त्याचं घर त्यात नाही. पुढं नाल्याचं रुंदीकरण निघालं तर त्याला पर्यायी जागाही नाही. आई हे सगळं मला समजावून सांगत होती, आनंदात होती. मी खोलीत फेऱ्या मारत ऐकत होते. आईचे सगळे कागद माझ्या फाइलमध्ये होते. त्यातल्या एकाही कागदावर आमचं घर नव्हतं.

सकाळची पहिली बस पकडली. जागा असून मी पारोळ्यापर्यंत उभीच होते. कंडक्टर दोनदा म्हणाला, "ताई, बसा ना." एरंडोल येईपर्यंत मी मनातल्या मनात पाहणीवाल्याशी चार वेळा भांडले आणि चारही वेळा हरले.

गल्लीत पोचले तेव्हा पाण्याचा दिवस होता. दारादारांत हंडे, पिंपं, मधून पाइप. दोन माणसं पाइप ओलांडत येत होती. एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याकडे जुन्या मोजणीच्या यादीचं जाडजूड रजिस्टर. अक्काच्या दारावर काळा आकडा तसाच होता. तिचंही आधार कॉलनीचं, पण रजिस्टरवाल्यानं आकडा पाहिला, यादीत बोट फिरवलं, टॅबवाल्यानं फोटो काढला, झालं. अक्काची नोंद झाली. ती पाइप घेऊन आमच्या दारापाशी आली आणि कौतुकानं उभी राहिली.

टॅबवाल्यानं आईचं आधार पाहिलं. मग कपाळाला हात लावला. "हे कॉलनीतलं घर मला सकाळपासून चौदाव्यांदा सापडतंय. किती खोल्या आहेत हो त्या घरात?" गल्ली हसली. मीही हसले असते, दुसरा कोणता दिवस असता तर.

"आणि मग हे घर कोणाचं? भाड्यानं दिलंय का?" त्यानं विचारलं.

"मी आठेच ऱ्हास, साहेब," आई म्हणाली. मशीनवर हात ठेवला, जसं काही मशीनच साक्ष देणार होतं.

"पत्ता जुळत नाही, मावशी." तो आवाज न चढवता म्हणाला. माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या स्वरात. "दारावर जुना नंबर आहे का?"

आईनं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही पाहिलं. ती काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी सांगितलं, नंबर आहे, रंगाखाली आहे. रंग मी दिलाय, पत्ताही मीच बदललाय. तो वैतागला, पण वाईट माणूस नव्हता. म्हणाला, जुनी यादी नंबराप्रमाणे लावलीय, नावं निम्मी चुकलेली आहेत, नावानं शोधता येणार नाही. नंबर दिसला पाहिजे. आणि रंगाखालून काढलेल्या नंबरावर वरचे विचारतील, म्हणून कॉलनीतल्या त्या घरमालकाचं पत्रही पाहिजे, की या बाई तिथं राहत नाहीत. "मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. तोवर काय ते करा. परत फेरी नाही."

आईनं चुलीजवळचं उलथणं आणून दिलं. मी दार खरवडायला लागले. निळ्या रंगाची साल निघेना. तीन हात मारले होते ना मी, मनापासून. अक्का म्हणाली, "आन इकडे. तू नानाकडे पळ." तिनं पदर खोचला, आईनं दुसरीकडून सुरी लावली, आणि पाइप कोणी धरायचा म्हणून समोरच्या घरातली सून आमचं पिंप भरायला धावली.

मी भगदाडातून पळाले. नाना झोपाळ्यावर होते, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्या सुनेनं मला दारातच अडवायचं बघितलं, पण नानांनी आवाज ओळखला. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे तेव्हा मी खोटं लिहिलं होतं, असं आता खरं लिहायचं," ते म्हणाले.

सून मागून म्हणाली, "बाबा, उगाच सही करू नका हां, हे अंगाशी येईल." नानांनी तिच्याकडे न बघता कागद मागितला. अक्षर अजून तेच होतं, फळ्यावरचं. लिहिता लिहिता थांबून विचारलं, "तुझंही नाव घालतो ना?" मी म्हटलं, "आईचं महत्त्वाचं आहे, नाना." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दोघींची नावं लिहिली. या बाई व त्यांची मुलगी माझ्या घरी कधीही राहत नव्हत्या, त्या भिंतीमागील वस्तीत राहतात, पूर्वीचे पत्र मी मुलांना नोकरी मिळावी म्हणून दिले होते. खाली सही.

परत आले तेव्हा दाराचा मधला भाग नुसतं लाकूड झाला होता. डांबर लाकडात मुरलेलं. सहा नीट दिसत होता. पुढच्या आकड्याचं वरचं वाटोळं गेलं होतं, फक्त शेपूट शिल्लक.

"एकुणसत्तर शे तो," आई म्हणाली. तिला वाचता येत नाही. इतकी वर्षं, रंगाखाली गेला तरी, तिला तो आकडा पाठ होता.

पाहणीवाला परत आला. रजिस्टरवाल्यानं एकुणसत्तर काढला. वडिलांचं नाव होतं, चुकीच्या काना-मात्रांसह, पण होतं. टॅबवाल्यानं दाराचा फोटो घेतला, नानांचं पत्र वाचलं, त्याचाही फोटो घेतला. "चालेल," तो म्हणाला. अक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला. मी चटयांच्या गठ्ठ्यावर टेकले. कितीतरी दिवसांनी मी नुसती बसले.

मग तो माझ्याकडे वळला. "पत्रात मुलगीही इथंच राहते असं लिहिलंय. तुम्हीच ना? कुटुंबात नाव घालतो तुमचं. जागेवर दोघींचं लागेल. फक्त आधार परत इथलं करून घ्या."

त्याचं बोट टॅबवर टेकायचं तेवढं राहिलं होतं. मी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर धुळ्याच्या मालकीणबाई आल्या. ऑफिसातली, कॉलनीचा पत्ता असलेली माझी फाइल आली. दोन क्षणांपेक्षा जास्त वेळ गेला नसेल.

"नही, साहेब," आई म्हणाली. मशीनच्या चाकाकडे बघत, धुळ्यात दारात बोलली होती अगदी त्याच आवाजात. "ती आठे ऱ्हात नही. नानानी चुकीसन लिखं. ती पहिलेपासून कॉलनीमाच ऱ्हास."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अक्काही बघत होती, खरवडलेल्या रंगाची साल अजून तिच्या हातात होती. तिनं मला या घरात रांगताना पाहिलंय. मी हो म्हणायला हवं होतं, आई खोटं बोलतेय असं म्हणायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. आयुष्यभर मी या घरात ओरडतच आले. त्या दिवशी माझ्या तोंडून आवाज फुटला नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग कुटुंबात माणसं एक." त्यानं आईचा अंगठा घेतला, टॅब बंद केला आणि पाइप ओलांडून पुढं गेला.

आईनं अंगठा पदराला पुसला आणि मला म्हणाली, "चहा लेशी का? तुनी बस चुकी जाई." खोटं बोलायला मीच तिला शिकवलं होतं. माझ्यासाठी ती ते किती नीट शिकली होती.